एकच डोंगर, बारा महिने



या पानावर आम्ही एरवी लागण, बेणे, खतांचे हप्ते, हुमणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या वेळी विषय जरा वेगळा घेतला आहे. आपल्या आगाशिवच्या डोंगराचे बारा महिने फोटो काढण्याविषयी आम्ही लिहिणार आहोत. ऊस सोडून अधिकारी डोंगराच्या मागे कुठे लागले, असे कुणी म्हणेल. तरी लेख शेवटपर्यंत वाचावा. ऊस यात आल्याशिवाय राहत नाही.

आगाशिव हा काही मोठा डोंगर नव्हे. सह्याद्रीच्या रांगेपुढे तो लेकरूच. कराडच्या नैर्ऋत्येला, उत्तरेस कोयनेचे खोरे आणि पूर्वेस कृष्णाकाठ, असा तो मधे बसला आहे. पायथ्याला जखिणवाडी, मलकापूर. माथ्यावर महादेव. अंगावर बौद्ध लेणी, तीही थोडीथोडकी नव्हेत, साठाच्या वर आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कराडला करहाटक म्हणत, त्या काळापासून माणसे या डोंगराकडे बघत आली आहेत. पुणे-बंगळूर महामार्गावरून रोज हजारो वाहने त्याच्या शेजारून जातात. आपण सभासद तर जन्मापासून त्याच्याच सावलीत आहोत. रोज दिसतो, म्हणून कुणी बघत नाही, अशी त्याची गत आहे.

हा नाद कसा लागला

आमच्या कामात फोटो लागतातच. तांबेरा कुठे आला, पोक्का बोईंग किती आहे, उगवण कशी आहे, याची नोंद फोटोसह ठेवावी लागते. पूर्वी रिळाचा कॅमेरा असे, छत्तीस फोटोंत महिना भागवावा लागे. आता मोबाईल आल्याने तो हिशेब संपला. २०१६ च्या उन्हाळ्यात जुने फोटो चाळत असताना ध्यानात आले, की फड पुढे आणि मागे तोच आगाशिव, असे कितीतरी फोटो जमले आहेत. ऊस कुठल्या महिन्यातला हे ओळखायला पानांकडे बघावेच लागत नव्हते. मागचा डोंगरच महिना सांगत होता. कुठे तो तपकिरी, कुठे हिरवागार, कुठे नुसती निळी रेघ, तर कुठे मुळीच नाही, सगळा ढगात.

२०१५ चा पाऊस दगा देऊन गेला होता. ते वर्ष सर्वांनी सोसले आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरातला डोंगर आणि २०१६ च्या सप्टेंबरातला डोंगर शेजारी शेजारी ठेवले, आणि मग ठरवले की हे काम नीट करायचे. गट ऑफिसच्या गच्चीवर कठड्याचा एक कोपरा धरला. तिथून डोंगर पश्चिमेला पाच-सहा किलोमीटरवर समोर दिसतो. फ्रेमच्या डाव्या कडेला विजेचा एक खांब, उजव्या कडेला एक जुना आंबा. दोन्ही कडा त्याच राहिल्या पाहिजेत, म्हणजे आज काढलेला फोटो आणि पाच वर्षांपूर्वीचा फोटो एकावर एक बसतो.

गच्चीवर आम्ही उभे दिसलो की खालून हाक येई. वजनकाट्याकडे निघालेल्या एका म्हाताऱ्या सभासदांनी एकदा विचारले, "काय ओ साहेब, रोज रोज काय काढताय? त्यो डोंगर काय पळून जातुया व्हय?" आम्ही म्हटले, "आबा, डोंगर नाही पळत, पण त्याच्या अंगावरचं सगळं पळतं." आबा हसून पुढे गेले. पण महिन्याभराने तेच वर चढून आले आणि म्हणाले, "दावा बघू काय काय पळालं ते."

नक्षत्र-नक्षत्राचा रंग

आबांना दाखवले तेच इथे क्रमाने सांगतो.

रोहिणी लागते २५ मेच्या आसपास. तोवर हवेत धूळ इतकी असते की दुपारी डोंगर पुसल्यासारखा दिसतो. फोटोत त्याची नुसती कड येते. मग एखादा वळवाचा पाऊस पडतो, धूळ खाली बसते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगर एकदम जवळ आल्यासारखा वाटतो. झाड न् झाड मोजावे असा. अंतर तेवढेच असते, मधली हवा धुतली गेलेली असते. वर्षातला सर्वांत स्वच्छ फोटो हवा असेल तर वळवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता काढावा.

मृगाचा पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत हिरवी लव येते. ती आधी ओघळींतून आणि सपाट टप्प्यांवर येते, उघड्या मुरमावर शेवटी येते, कुठे येतही नाही. म्हणजे माती कुठे शिल्लक आहे आणि कुठे वाहून गेली, याचा नकाशाच जूनअखेरच्या फोटोत उमटतो. तो नकाशा दर वर्षी आम्ही जपून ठेवतो.

पुनर्वसू-पुष्यात डोंगर दिसतो कमी. पाऊस पश्चिमेकडून येतो, त्यामुळे आधी डोंगराचा माथा जातो, मग खांदे, मग पायथा. सगळा डोंगर झाकला की पंधरा-वीस मिनिटांत सरी आपल्या पत्र्यावर वाजतात, असे आमच्या गच्चीवरून बहुतेक वेळा दिसले. फवारणीला निघालेल्यांनी डोंगराकडे एक नजर टाकून पंप भरावा, एवढा उपयोग याचा नक्की आहे. वर महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि कराडला तो सरासरीने एक हजारालाही पोचत नाही. एवढा फरक थोड्याशा अंतरात पडतो. आगाशिव या उतरत्या पावसाच्या वाटेवर उभा आहे, म्हणून त्याच्या अंगावर ढगांचा खेळ चालतो.

उत्तरा-हस्ताच्या दिवसांत ऊन-सावली. ढगाची सावली डोंगरावरून चालत जाताना दिसते, एक सोंड उजळते, दुसरी काळवंडते. गवत कमरेएवढे, त्यात सोनकीची पिवळी फुले. या पंधरवड्यात फोटोसाठी वेगळे कष्ट लागत नाहीत. मोबाईल धरून उभे राहावे आणि ऊन हवे त्या जागी येईपर्यंत वाट बघावी. चांगल्या फोटोत निम्मे काम वाट बघण्याचे असते, हे आम्हाला इथे कळले.

दिवाळीनंतर गवत वाळते, डोंगर सोन्यासारखा होतो. आणि मग येते थंडीची धुई. त्याविषयी पुढे सविस्तर लिहितो, कारण मुख्य मुद्दा तिथेच आहे.

फाल्गुन-चैत्रात पळस फुलतो, आणि याच दिवसांत वणवे लागतात. रात्री लाल माळ दिसते, सकाळच्या फोटोत काळा डाग. "गवत जाळलं की पुढल्या साली बेस उगवतं" असे अजून काही जण म्हणतात. आमचे फोटो तसे सांगत नाहीत. जळालेला उतार पहिल्या पावसाला उघडा सापडतो, माती धुऊन ओघळीत जाते. नवी रोपे होरपळतात, चांगल्या चाऱ्याची गवते मागे पडतात आणि कुसळी माजते. ज्या सोंडेवर वणवा वरचेवर लागला, तिथली हिरवी लव जूनच्या फोटोत उशिरा येते आणि विरळ येते.

उजेडाचे गणित

पुष्कळ सभासद विचारतात की तोच डोंगर सकाळी वेगळा आणि दुपारी वेगळा का दिसतो. डोंगर आमच्या पश्चिमेला, म्हणून सकाळचे ऊन समोरून त्याच्या तोंडावर पडते. कोवळे ऊन तिरपे असल्याने प्रत्येक घळीला सावली असते आणि अंग उठावदार दिसते. दुपारी ऊन वरून पडले की सावल्या नाहीशा होतात, डोंगर सपाट पुठ्ठ्यासारखा दिसतो. संध्याकाळी सूर्य त्याच्या मागे जातो, तेव्हा फक्त काळी आकृती उरते.

यात ऋतूचाही हिशेब आहे. आपल्या अक्षांशावर साधारण १० मे आणि ३ ऑगस्टच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. डिसेंबरअखेर मात्र तो दुपारी बारालाही दक्षिणेला कललेला असतो, म्हणून थंडीत दिवसभर फोटोला उठाव राहतो. मावळतीही सरकते. संक्रांतीच्या आगेमागे सूर्य आमच्या गच्चीवरून डोंगराच्या पार डावीकडे बुडतो, आणि जूनमध्ये पार उजवीकडे. ज्यांच्या सरी पूर्व-पश्चिम आहेत आणि ज्यांच्या दक्षिणोत्तर आहेत, त्यांनी हे सरकणे आपल्या फडातही पाहावे. कुठल्या सरीत ऊन किती वेळ राहते ते समजेल.

जपानमध्ये होकुसाई नावाचे चित्रकार होऊन गेले. १८३० च्या सुमारास त्यांनी फुजी पर्वताची छत्तीस चित्रांची मालिका काढली. ती इतकी चालली की पुढे आणखी दहा काढली, एकूण ४६ झाली. त्यातल्या कित्येक चित्रांत डोंगर अगदी लहान आहे. पुढे कोळी जाळे ओढतो आहे, सुतार लाकूड कापतो आहे. एकात तर मोठे लाकडी पिंप बनवणारा कारागीर आहे आणि त्या पिंपाच्या गोलातून लांबवर इवलासा फुजी दिसतो. आमच्याकडे आगाशिव दिसतो तो टायरगाडीवरच्या मोळ्यांच्या वरून, किंवा टोळीच्या कोप्यांच्या फटीतून. कामाची माणसे पुढे आणि डोंगर मागे, हेच खरे चित्र. नुसत्या डोंगराच्या फोटोपेक्षा असे फोटो आम्हाला जास्त मोलाचे वाटतात.

ऑगस्ट २०१९

एक फोटो मात्र गच्चीवरून नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाऊस जरा उघडल्यावर आम्ही डोंगराच्या सोंडेवर चढून खाली कॅमेरा धरला. कृष्णा आणि कोयना कुठे मिळतात ते ओळखू येत नव्हते. प्रीतिसंगमाच्या बाजूला नुसते तांबूस पाणी पसरलेले. काठचा ऊस, काही शेंडे वर, काही तेही नाहीत. जुन्या माणसांनी २००५ सांगितले होते, पुढे २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले. हा फोटो शोभेचा नाही. पण काठच्या कुठल्या पट्ट्यात पाणी किती आत आले, हे त्यात स्पष्ट दिसते. लागणीचे नियोजन करताना, बेणेमळा कुठे ठेवायचा हे ठरवताना, आम्ही तो समोर ठेवतो.

वरून काढलेला दुसरा फोटो एप्रिलचा आहे. त्यात हिरव्या उसाच्या मधे पांढरे चट्टे दिसतात. बांधावर उभे राहून ते नजरेत भरत नाहीत, कारण प्रत्येकाला आपला तेवढा कोपरा दिसतो. वरून बघितले म्हणजे कळते की ते चट्टे एकमेकांना जोडत चालले आहेत. पाणी जास्त, निचरा कमी. उन्हाळ्यात खालचे पाणी वर ओढले जाते, उडून जाते, आणि क्षार तेवढे मागे राहतात. याला एकट्याने चर काढून भागत नाही. पाणी पुढे ओढ्यापर्यंत जायला वाट लागते, म्हणजे शेजाऱ्यांचे एकमत लागते. माती परीक्षण आधी करावे. जमीन क्षारयुक्त आहे की चोपण, हे कळल्याशिवाय जिप्सम टाकू नये. धैंचा-ताग गाडावा, पाणी मोजून द्यावे. गटसभेत तोंडाने शंभरदा सांगितलेले जे पटत नव्हते, ते या एका फोटोवर चार बांधकऱ्यांना पटले आणि ते एकत्र चर काढायला बसले.

धुई की धूर

आता मुख्य मुद्दा. जानेवारीच्या एका पहाटेचा फोटो आमच्याकडे आहे. डोंगराचा माथा स्वच्छ, पायथा स्वच्छ, आणि कमरेला करगोट्यासारखा एक करडा पट्टा. ज्याने पाहिला तो म्हणाला, "वा, काय सुंदर धुई." गटसभेत हा फोटो पडद्यावर लावला तेव्हाही तसेच झाले. फक्त मागे बसलेले एक सभासद उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ही धुई न्हवं. खालच्या अंगाला बघा, त्यो पट्टा माझ्या फडातनं निघालाय. म्या आदल्या दिशी पाचट पेटीवलं हुतं." सभा गप्प झाली.

त्यांचे म्हणणे बरोबर होते. थंडीच्या रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवाही गार व जड होते, आणि वर तुलनेने उबदार हवेचे झाकण बसते. खालचा धूर ते झाकण फोडून वर जाऊ शकत नाही, आडवा पसरतो. म्हणून तो पट्टा इतका सरळ दिसतो. फोटोत तो देखणा आहे, पण त्या रात्री तोच धूर गावातल्या प्रत्येक घरात होता. दम्याची म्हातारी माणसे, तान्ही लेकरे, कोपीत झोपलेली तोडणीची बाया-माणसे, सगळ्यांनी तो गिळला.

आणि त्यात गेले काय? एक हेक्टर उसामागे साधारण ८ ते १० टन पाचट निघते. त्यात नत्र ०.४२ ते ०.५० टक्के, स्फुरद ०.१७ ते ०.२० टक्के, पालाश ०.९० ते १ टक्का आणि सेंद्रिय कर्ब ३२ ते ४० टक्के असतो. दहा टन धरले तर ४२ ते ५० किलो नत्र आणि ९० ते १०० किलो पालाश होतो. पेटवल्यावर नत्र आणि कर्ब धुरातून जातो, उरलेली राख वारा नेतो. आपण सोसायटीचे कर्ज काढून पोती आणतो आणि घरची पोती काडी लावून डोंगराच्या कमरेला बांधतो.

पाचट का पेटवतात हेही आम्हाला माहीत आहे. पाणी सरीतून पुढे सरकत नाही, मजूर मिळत नाही, उंदीर-जनावराची भीती वाटते. या अडचणी खोट्या नाहीत. पण त्यांवर तोड आहे. पाचट सरीत दाबून बसवावे, किंवा एक आड एक सरीत ओढून रिकाम्या सरीतून पाणी द्यावे. कुट्टी यंत्र मिळाल्यास उत्तम. प्रति टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकावे. बुडखे जमिनीलगत छाटून घ्यावेत. आच्छादनाने ओल टिकते, तण दबते, खोडव्याला पाण्याच्या पाळ्या कमी लागतात. शिवाय ठिणगी उडून शेजाऱ्याचा उभा ऊस पेटण्याचे, मग जळीत उसाची धावपळ आणि जन्माचे वैर, हे सगळे टळते.

सभेत उभे राहिलेल्या त्या सभासदांनी पुढच्या तोडणीला पाचट ठेवले. पहिल्या पाण्याला त्यांची दमछाक झाली, हेही सांगितले पाहिजे. पण त्या मे महिन्यात शेजारच्या खोडव्याची पाने दुपारी वळत होती तेव्हा यांचा खोडवा तग धरून होता. त्यांनी स्वतः मोबाईलवर दोन्ही फडांचा फोटो काढून आम्हाला पाठवला. मागे आगाशिव होताच.

आपणही काढा

सभासदांनी, विशेषतः त्यांच्या कॉलेजातल्या मुला-मुलींनी, हे काम हाती घ्यावे अशी आमची इच्छा आहे. त्यासाठी चार गोष्टी पाळाव्यात.

एक, जागा बदलू नये. बांधावरचा दगड, विहिरीचा कठडा, काहीही चालेल, पण कायमची खूण असावी. दोन, मोबाईल छातीच्या उंचीवर आडवा धरावा आणि दोन बोटांनी ताणून डोंगर जवळ आणू नये, त्याने फोटो फाटतो. तीन, भिंग सदऱ्याच्या मऊ टोकाने पुसून घ्यावे. धुईत फोटो काळपट येतो, तेव्हा पडद्यावर डोंगरावर बोट टेकवून उजेड थोडा वाढवावा. चार, तारीख मोबाईल ठेवतोच, पण नक्षत्र, पाऊस पडला की नाही आणि फडात त्या दिवशी काय चालले होते, हे वहीत लिहावे. फोटो हरवतो, वही सापडते.

वर्षातून निदान चार फोटो काढावेत. एक मृगाच्या आधी, एक हस्तात, एक जानेवारीच्या पहाटे आणि एक चैत्रात. ज्यांच्या गावातून आगाशिव दिसत नाही त्यांनी आपला माळ, आपली टेकडी घ्यावी. फोटो आपल्या गट ऑफिसला आणून दाखवावेत. जमेल तसे या पानावर छापू. जानेवारीच्या फोटोत करडा पट्टा आढळला तर तो कुठून निघाला हेही बघावे, आणि तो आपल्याच फडातून निघाला असेल तर पाचट कुजवणारे जिवाणू गट ऑफिसमध्ये मागून घ्यावेत.



— ऊस विकास अधिकारी